तिसऱ्या मालकाचं काय?

धुळ्याहून पारोळ्याकडे जाताना हायवेवर एक हॉटेल लागतं. शेवभाजी झणझणीत, भाकरी तव्यावरून थेट ताटात. मामांना घेऊन जळगावकडे निघालं की तिथं थांबावंच लागतं. गेल्या मे महिन्यात थांबलो तर आवारात भांडण जुंपलेलं. हॉटेलवाल्यानं कोपऱ्यात मोटारींसाठी चार्जर बसवून घेतलाय आणि समोर पांढऱ्या पट्ट्यांनी तीन गाड्यांच्या जागा आखल्यात. त्या तिन्ही जागांवर एक विजेचा ट्रक आडवा उभा होता. आडवा, कारण सरळ लावला तर त्याच्या बगलेतल्या सॉकेटपर्यंत वायर पोचत नव्हती. मागे एक मोटारवाला घामाघूम होऊन ओरडत होता, गाडीत लेकरं, बॅटरी तळाला गेलेली, आणि ट्रकचा पोरगेला ड्रायव्हर हात जोडून सांगत होता, “साहेब, अजून दीड तास.” दीड तास हे उत्तर ऐकून मोटारवाल्याचा आवाज आणखी चढला. हॉटेलचा मालक दोघांनाही ताक देऊन मोकळा झाला.

मामा भांडणाकडे बघतच नव्हते. ते ट्रकभोवती फेरी मारत होते. उभं आयुष्य ट्रक चालवण्यात आणि सांभाळण्यात गेलेला माणूस. वाकून कमानपाटे पाहिले, टायरची नक्षी नखानं खरवडली, मग पुढे येऊन जाळीला कान लावला. आत इंजिन नव्हतंच. कुठून तरी एक पंखा मात्र जोरात घोंगावत होता. त्या उन्हात बॅटरी थंड ठेवायची तर तो लागतोच. मामा बराच वेळ तसेच उभे राहिले. मला वाटलं आता म्हणतील, काय जमाना आला. ते म्हणाले, “हाई इकाले काढी तं ली कोन?”

ही विकायला काढली तर घेणार कोण? जेवताना विषय बदलला, पण जळगाव येईपर्यंत मी तेवढाच प्रश्न घोळवत होतो.

विजेच्या ट्रकांबद्दल मी बरंच वाचत असतो. त्यात पल्ला असतो, चार्जिंगचा वेळ असतो, अनुदान असतं, धूर किती वाचेल ते असतं. ही गाडी आठ-दहा वर्षांनी कोणाच्या दारात उभी असेल, हे त्यात नसतं. आणि आमच्याकडे तर ट्रकची खरी कहाणी तिथूनच सुरू होते. मामांनी आयुष्यात एकही कोरी गाडी घेतली नाही. पहिली त्यांची जुनी टाटा, बाराशे दहा मॉडेल, तिच्यावर आधीच दोन मालकांची नावं चढून गेली होती. देशात बहुसंख्य ट्रकमालक असेच, एक ते पाच गाड्यांचे. मोठी कंपनी कोरी गाडी घेते, पाच-सहा वर्षं लांबच्या मार्गावर दामटते आणि काढून टाकते. दुसरा मालक तिला दोन-तीन राज्यांत फिरवतो. तिसऱ्याकडे आली की ती सरकीची पोती, कापसाच्या गाठी, मका, सीझनला केळी असं मिळेल ते भाडं मारते. चौथ्याकडे विटा आणि मुरूम, आणि शेवटी कुणीतरी तिच्या पाठीवर टाकी चढवून उन्हाळ्यात गावोगाव पाणी वाटतो. एका ट्रकवर अशी चार घरं जगतात, आणि प्रत्येक घर मागच्या घराने टाकलेलं उचलून उभं राहतं.

जुनी गाडी घेताना मामांना बघायला मिळणं हा माझ्या लहानपणीचा मोठा कार्यक्रम असे. सकाळी लवकर जायचं, गाडी थंड असताना. मालकाने आधीच सुरू करून ठेवली असेल तर मामा सरळ परत फिरायचे. थंड इंजिनाचा पहिला धूर त्यांना बघायचा असे. काळा असला तर पंप-नोजलचं काम, खर्च बेताचा. निळसर असला तर ऑइल खातेय, म्हणजे बोअर-पिस्टन, म्हणजे पाडून मागायची. पांढरा धूर रेंगाळला तर आत पाणी जातंय का ते बघायचं. मग ऑइलची पट्टी काढून एक थेंब बोटांच्या चिमटीत चोळायचे, कणी लागते का म्हणून. आणि शेवटी खिशातून वीतभर लांबीचा पेचकस काढून त्याचं टोक इंजिनावर टेकवायचे आणि मूठ कानाला लावायचे. डोळे मिटलेले. तेवढ्या वेळात दलालही गप्प बसत. डोळे उघडून मामा एक आकडा सांगत आणि सौदा त्याच्या आसपासच तुटे.

विजेच्या ट्रकला पेचकस कुठे टेकवणार? तिच्यातली सगळ्यात महागडी वस्तू म्हणजे बॅटरी आणि ती किती झिजलीय हे ना दिसतं, ना ऐकू येतं, ना वासाला कळतं. ते कंपनीच्या संगणकात असतं. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ट्रकसाठी ५०० कोटी ठेवलेत, एका गाडीला जास्तीत जास्त ९.६ लाखांपर्यंत सवलत आहे, आणि बॅटरीला ५ वर्षं किंवा ५ लाख किलोमीटर, यांतलं जे आधी भरेल तेवढी हमी सक्तीची केलीय. चांगली गोष्ट आहे. पण हमी संपते नेमकी तेव्हा, जेव्हा गाडी पहिल्या मालकाच्या हातून सुटायला लागते. २०२४ साली जगभरात बॅटरीचा सरासरी भाव साठवायच्या विजेच्या युनिटमागे ११५ डॉलर होता. जड ट्रकला तीनशे युनिटची बॅटरी धरली तर नुसती तीच तीस लाखांच्या घरात जाते. मामा ज्या किमतीत अख्खी गाडी घेतात, त्याच्या दुप्पट. म्हणजे गाडी फुकट मिळाली तरी बॅटरी बदलायची ऐपत तिसऱ्या मालकाकडे नाही. आणि त्याच योजनेत सवलत हवी तर जुना ट्रक मोडीत काढल्याचं प्रमाणपत्र लागतं. धुराच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण मोडीत जाणारी ती जुनी गाडी म्हणजे कुणाचं तरी चालतं-बोलतं दुकान असतं, हे कागदावर उमटत नाही.

पहिल्या मालकाचा हिशोब मात्र जुळायला लागलाय, हे मान्य करायला हवं. भरलेली दहाचाकी लिटरला चारेक किलोमीटर देते. डिझेल नव्वदीच्या घरात, म्हणजे किलोमीटरला बावीस-तेवीस रुपये नुसते टाकीतून जातात. तेवढीच गाडी विजेवर किलोमीटरला साधारण सव्वा युनिट खाते. स्वतःच्या आवारात आठ-नऊ रुपयांची वीज मिळाली तर खर्च निम्म्यावर येतो. हायवेवरच्या फास्ट चार्जरवर पंधरा-वीस रुपये युनिट पडलं की फरक जवळपास पुसून जातो. म्हणून ही गाडी त्यालाच परवडते ज्याचा मार्ग ठरलेला आहे आणि ज्याच्या दोन्ही टोकांना स्वतःची वीज आहे: सिमेंटवाले, पोलादवाले, बंदरातले कंटेनरवाले. आमच्याकडे बघायचं तर दीपनगरच्या वीज केंद्रातली राख वाहणारे बल्कर उद्या विजेवर चालू शकतील. कोळसा जाळून वीज करायची आणि त्याच विजेवर त्या कोळशाची राख वाहायची. मला यात हसू येतं, पण हिशोबात चूक सापडत नाही.

केळीचं गणित वेगळं आहे. रावेर-यावल-सावद्याचा माल हिरवा कापतात, पानं पसरून त्यावर घड रचतात आणि गाडी बऱ्हाणपूरमार्गे उत्तरेला सुटते. दिल्ली हजारेक किलोमीटर. गाडीत दोन ड्रायव्हर, एक झोपतो, एक चालवतो. वाटेत थांबायचं ते डिझेल मारायला, चहाला आणि टायरला पाणी मारायला. उशीर झाला तर केळी ताडपत्रीखाली गाडीतच पिकायला लागते आणि समोरचा व्यापारी त्या वासावरूनच भाव पाडतो. आपल्याकडे सध्या चालणाऱ्या जड विजेच्या ट्रकांपैकी बऱ्याच गाड्यांचा पल्ला भरलेल्या अवस्थेत दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे दिल्लीपर्यंत चार-पाच थांबे, आणि दर थांब्याला ताकदवान चार्जर मोकळा मिळाला तरी तास-सव्वा तास. बॅटरी मोठी टाकावी तर ती माल खाते. तीनशे लिटरची टाकी काठोकाठ भरली तरी डिझेलचं वजन अडीचशे किलो. त्यातून चाकाला जेवढं काम मिळतं तेवढं बॅटरीत साठवायचं म्हटलं तर बाराशे युनिट, सात-आठ टन वजन. दहाचाकीचं मालासकट एकूण वजनच २८.५ टनांच्या वर जाऊ देत नाहीत. भाडं टनावर मिळतं, बॅटरी वाहिल्याचं कोणी देत नाही.

तरी एक गोष्ट मला मोहात पाडते. इंदूरकडून येताना सेंधवा सोडलं की बिजासनचा घाट उतरून आपण पळासनेरला येतो. त्या उतारावर किती गाड्यांचे ब्रेक गेले याला गणती नाही. मामांबरोबर एकदा रात्री उतरलोय मी तो घाट. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कण्हत होती, खिडकीतून जळक्या लायनरचा उग्र वास येत होता, आणि मामा एक शब्द बोलत नव्हते. एरवी सतत गाणं गुणगुणणारा माणूस. डिझेल वाचवायला काही ड्रायव्हर इथं गाडी न्यूट्रल करतात आणि खाली पोचतही नाहीत. विजेच्या ट्रकला हाच उतार कमाईचा. मोटर उलटं काम करून जनित्र होते, गाडीला रोखून धरते आणि बॅटरी भरते. साडेअठ्ठावीस टनांची गाडी शंभर मीटर खाली आली तर हिशोबाने साडेसात-आठ युनिट तिच्यातून मोकळे होतात. घर्षण आणि गळती वजा जाता त्यातले निम्मे हाती लागले तरी ब्रेकचे ड्रम थंड राहतात. मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच त्या गाडीच्या बाजूने बोलले. म्हणाले, घाटापुरती मिळेल का?

आमच्या खान्देशात डिझेल आणि वीज यांची ही पहिली लढाई नाही. आजोळच्या मळ्यात विहिरीवर इंजिन होतं. हँडल मारून सुरू करायचं, दोन गडी लागायचे. टुकटुक आवाज शिवारभर जायचा आणि आवाजावरून कोणाचं इंजिन ते कळायचं. इंजिन थंड करून येणारं पाणी कोमट असायचं आणि थंडीत आम्ही पोरं त्याखाली आंघोळ करायचो. अंगाला दिवसभर डिझेलचा हलका वास राहायचा, तो मला अजून आवडतो, हे पर्यावरणाबद्दल लिहिणाऱ्याने कबूल करू नये. मग खांब आले, तारा आल्या, विजेची मोटर बसली. बटण दाबलं की पाणी. सगळ्यांनी इंजिनाला रामराम ठोकला. पण आजोबांनी ते विकलं नाही. पोत्याखाली झाकून खोपीत ठेवलं. पुढे भारनियमनाची वर्षं आली, बारा-बारा तास वीज नाही, तेव्हा तेच इंजिन आजोबांनी तासावर भाड्याने दिलं आणि पैसा केला. आता ते भंगारात गेलं. म्हणजे शेवटी वीजच जिंकली. फक्त खांब आल्याच्या दिवशी नाही, वीज येत राहील असा भरवसा बसल्यावर, आणि त्याला दोन पिढ्या लागल्या. अजूनही शेतकरी विचारतो, या आठवड्यात दिवसाची आहे की रात्रीची. रात्री दोन वाजता हातातल्या बॅटरीच्या उजेडात बाऱ्याला पाणी लावणाऱ्या माणसाला हायवेवर ट्रकसाठी मोठमोठे चार्जर लागणार म्हणून सांगा, तो काय म्हणेल याचा अंदाज मला आहे. दहा ट्रक एका वेळी जोरात भरायचे तर दोन-अडीच मेगावॅट लागतात, एकाच हॉटेलच्या आवारात.

गंमत म्हणजे वीज डोळ्यांसमोर फिरत असते. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे, आषाढात त्यांची पाती झपाझप फिरतात, आणि खाली सुरतेच्या रस्त्यावर कोंडाईबारीचा घाट चढणारे ट्रक काळा धूर ओकत असतात. साक्री तालुक्यातच सरकारी सौर प्रकल्पही आहे. भुसावळला तर विजेचं इंजिन ही जुनी गोष्ट. तिथल्या माणसांनी कोळसा, डिझेल आणि वीज तिन्ही एका आयुष्यात पाहिलं. पण रेल्वेला तार डोक्यावर मिळते. ट्रकला आपली वीज पोटाशी बांधून न्यावी लागते, सगळी अडचण तिथं आहे.

आणि डिझेलचं तरी काय पक्कं ठरलेलं होतं? १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचं एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. जगाने दुसरी वाट धरली नसती तर आमच्या भुईमुगाला काय भाव असता, असा विचार मी कधीकधी उगाच करतो.

डिझेल जाईल याचं मला दुःख नाही. मामांचा खोकला मी ऐकतो. जुन्या गाडीत अर्धं इंजिन केबिनमध्ये असायचं; हिवाळ्यात त्याच्या झाकणावर घोंगडी टाकून क्लीनर सुखाने झोपायचा, पण वैशाखात भुसावळच्या पंचेचाळीस अंशांत तेच झाकण मांडी भाजायचं. त्या मांडीवरचा काळपट डाग मामांच्या अंगावर अजून आहे. नव्या ट्रकांना २०२५ साली एसी केबिन सक्तीची झाली, हे मी त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, आता म्हातारपणी? तेव्हा धुराची, आवाजाची, उष्णतेची बाजू घेण्यासारखं काही नाही. माझी तक्रार एवढीच आहे की हे सगळं पहिल्या मालकाकडे बघून ठरतंय. जुन्या बॅटरीचं आरोग्य गाडीच्या आरसी बुकासारखं कुणालाही तपासता आलं पाहिजे, तालुक्याच्या गावात बॅटरीतला एकच बिघडलेला भाग बदलून देणारा मिस्त्री तयार झाला पाहिजे, तिसऱ्या मालकाला बँकेने दारात उभं केलं पाहिजे. डिझेल एवढी वर्षं टिकलं ते इंजिनाच्या ताकदीने कमी आणि रस्त्याकडेच्या नोजलवाल्या, रेडिएटरवाल्या, टर्नरच्या जोरावर जास्त. रात्री अकरा वाजताही पारोळ्यात कोणीतरी उठून डिझेलच्या नळीतली एअर काढून देतो. तो माणूस कुठल्याच धोरणात नाही.

सध्याचा तोडगा म्हणजे बॅटरी विकत घेऊच नका, भाड्याने घ्या. संपली की काढा, भरलेली चढवा, पुढे चला. गाडी स्वस्त होते, झिजेची चिंता दुसऱ्याची. मला हे फार पटलं होतं. मामेभावाने नुकतीच २०१८ ची दहाचाकी पाहून ठेवलीय, अर्थात डिझेलची, तिसरा मालक म्हणून. इसार द्यायच्या आधी त्याला हे समजवावं म्हणून मी उत्साहाने गेलो. ओसरीवर बसून सगळं सांगितलं. मामा खाटेवर पडून ऐकत होते. भावाने एकच विचारलं, “दादा, गाडी उभी राहिनी तरी बॅटरीनं भाडं चालूच राही का?”

त्याचा प्रश्न पोकळ नव्हता. वादळात केळी आडवी झाली, भाव कोसळला, परतीचं भाडं मिळालं नाही, की गाडी आठ-आठ दिवस एकाच ठिकाणी उभी असते. उभ्या गाडीला डिझेल लागत नाही. हप्ता लागतो, पण डिझेल लागत नाही, आणि छोटा मालक त्या फटीतून तगून जातो. मी म्हटलं, करारावर आहे. महिन्यावर आकारणी असेल तर चालू राहील, किलोमीटरवर असेल तर नाही.

“मंग एक गाडीवाल्याले किलोमीटरवाला करार देतीन का?”

मी म्हटलं, द्यायला हवा.

“तो कागद लई ये,” तो म्हणाला, “मंग दखू.” घेऊन ये, मग बघू. आणि फायनान्सवाल्याचा फोन आला म्हणून उठून अंगणात गेला.